वीसच्या पाढ्यातले आकडे



परीक्षकाने आपली चूक छापून सांगण्याची पद्धत नाही. मी मात्र ती सांगणार आहे, कारण ती मला पाचवीतल्या एका मुलीने दाखवली. तिच्याइतके लक्ष माझे असते तर हा लेख लिहिण्याची वेळच आली नसती.

गेल्या हिवाळ्यात एका विज्ञान प्रदर्शनाला मी परीक्षक म्हणून गेलो होतो. तेथे नववीतल्या एका मुलाने ‘बोटाची चपळाई’ नावाचे यंत्र मांडले होते. लाकडी खोक्यावर एक लाल कळ आणि शेजारी दोन ओळींचा लहानसा पडदा. कळ दाबायची आणि शक्य तितक्या लवकर सोडायची. कळ किती वेळ दाबलेली राहिली ते पडद्यावर मिलिसेकंदांत उमटत असे. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. यंत्रापुढे ही रांग लागली होती! मीही दाबून पाहिले. १४० आले. पुन्हा दाबले, १२० आले. मला आनंद झाला. मुलाने सगळे स्वतःच्या हाताने जोडले होते, बोलतही छान होता. मी पहिला क्रमांक लिहून सही केली.

बक्षिसे वाटून झाली, मांडव उतरवायला सुरुवात झाली, तेव्हा ही मुलगी वही घेऊन माझ्यापुढे येऊन उभी राहिली. रांगेत उभ्या असलेल्यांचे आकडे तिने लिहून घेतले होते : १६०, १२०, १४०, २००, १२०, १८०... “सर,” ती म्हणाली, “सगळे आकडे वीसच्या पाढ्यातलेच का येतात?”

मी वही पाहिली आणि गप्प झालो. निरनिराळ्या तीस-चाळीस माणसांची बोटे वीसच्या पाढ्याप्रमाणे हलतात, असा निसर्गाचा नियम काही नाही. म्हणजे हा पाढा बोटांचा नव्हता, यंत्राचा होता.

त्या मुलाला बोलावले. बिचारा घाबरला. “अरे, बक्षीस काढून घेत नाही, तुझा प्रोग्रॅम तेवढा दाखव,” असे म्हटल्यावर त्याने दाखवला. खोक्यात आर्डुइनो उनो हा बोर्ड होता. २०१६ पासून अटल टिंकरिंग प्रयोगशाळा निघाल्या, तेव्हापासून असले बोर्ड पुष्कळ शाळांतून दिसू लागले आहेत. बोर्डावरच्या मायक्रोकंट्रोलरला त्याने सांगितलेले काम असे होते : कळ दाबलेली आहे का ते पाहा. असेल तर मोजणीत एक मिळव, पडद्यावर आकडा लिही, २० मिलिसेकंद थांब, आणि पुन्हा पाहा. कळ सुटलेली आढळली की मोजणीला २० ने गुणून दाखव.

आता पाढा कुठून आला ते तुमच्या ध्यानात आले असेल. पण गोष्ट तेवढ्यावर थांबत नाही. पडद्यावर आकडा लिहायलाही वेळ लागतो, आणि तो हिशेबात कुठेच धरलेला नव्हता. आम्ही तिघांनी मांडवातल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत कळ दहा सेकंद दाबून धरली. यंत्र म्हणाले, सुमारे आठ सेकंद! म्हणजे प्रत्येक फेरी २० ची नव्हती, २५ च्या आसपासची होती. दिवसभर त्या खोक्याने सगळ्यांना खऱ्याहून चपळ ठरवले होते. मी माझ्या १२० वर खूष झालो होतो ते निराळेच.

त्या मुलाचा यात दोष नाही, हे आधीच सांगतो. कळ वाचायची ती अशीच, असे त्याला शिकवले गेले होते आणि दिवा लावायचा असता तर ते अगदी बरोबर होते. दोष माझा, म्हणजे परीक्षकाचा. मी यंत्र चालते की नाही ते पाहिले, आकडा कुठून येतो ते विचारले नाही. माझे म्हणणे असे आहे की, जे यंत्र काही ‘करते’ आणि जे यंत्र काही ‘मोजते’ त्या दोघांना एकच परीक्षा लावता येत नाही. मोजणाऱ्या यंत्राने आपल्या आकड्याचा जन्म दाखवलाच पाहिजे. आणि तो दाखवता यावा म्हणून, तयार सूचनांच्या पलीकडे जाऊन मायक्रोकंट्रोलरच्या पोटातले घड्याळ प्रत्येक विद्यार्थ्याने निदान एकदा तरी स्वतः हाताळावे. हे अवघड आहे असे म्हणणाऱ्यांशी मी खाली थोडा वाद घालणार आहे. आधी घड्याळ पाहू.

समजा, एका शाळेत उशिरा येणाऱ्या मुलांच्या वेळा लिहायच्या आहेत. एक पद्धत अशी : मुख्याध्यापक दर दहा मिनिटांनी खिडकीतून डोकावतात आणि फाटकात कोणी दिसले तर वेळ लिहितात. ७ वाजून १ मिनिटाने आलेला मुलगा त्यांच्या वहीत ७ वाजून १० मिनिटांनी येतो. दुसरी पद्धत अशी : फाटकावर रखवालदार बसवायचा, त्याच्यापुढे घड्याळ ठेवायचे, आणि मूल आत पाऊल टाकील त्या क्षणी त्याने वेळ लिहायची. मुख्याध्यापक ती वही दुपारी जेवण झाल्यावर वाचोत, वेळ बदलत नाही. नोंद घडल्या क्षणी झालेली आहे, वाचन मागाहून झाले तरी बिघडत नाही.

मायक्रोकंट्रोलरमध्ये असा रखवालदार बसवलेलाच असतो. इंग्रजीत त्याला इनपुट कॅप्चर म्हणतात, मी वर्गात ‘क्षण टिपणे’ म्हणतो. आर्डुइनो उनोच्या जुन्या, म्हणजे एटीमेगा ३२८पी ही चिप असलेल्या बोर्डांवर तो ८ क्रमांकाच्या पिनवर आहे. (२०२३ साली आलेल्या उनो आर-४ बोर्डावर चिपच वेगळी आहे. तिच्यातही टिपण्याची सोय आहे, पण नावे आणि सूचना निराळ्या. पुढचे वर्णन जुन्या बोर्डाचे आहे.)

ह्या चिपमध्ये तीन टायमर आहेत. त्यांतला टायमर-१ हा सोळा बिटांचा, म्हणजे तो ० पासून ६५,५३५ पर्यंत मोजतो आणि पुन्हा ० वर येतो. बोर्डाचे मूळ घड्याळ सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोके देते. ते सगळे मोजले तर टायमरची एक फेरी जेमतेम ४ मिलिसेकंदांत संपेल, म्हणून आपण ६४ ठोक्यांमागे एकच मोजायला सांगतो. मग सेकंदाला अडीच लाख मोजण्या होतात. प्रत्येक मोजणी ४ मायक्रोसेकंदांची, आणि मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. पूर्ण फेरीला सुमारे २६२ मिलिसेकंद लागतात. ८ क्रमांकाच्या पिनवरचा विद्युत्दाब वरून खाली किंवा खालून वर गेला, की त्या क्षणी टायमरवर जो आकडा असेल तो चिपमधली मंडले आपोआप उचलून आयसीआर-१ नावाच्या वेगळ्या रजिस्टरमध्ये ठेवतात. त्यासाठी प्रोग्रॅमला विचारावे लागत नाही. प्रोग्रॅम तेव्हा पडद्यावर अक्षरे लिहीत असला तरी चालते.

कळीचे एक टोक ८ क्रमांकाच्या पिनला आणि दुसरे जमिनीला, म्हणजे ग्राउंडला जोडा. पिनच्या आतला पुल-अप रोध चालू करा, म्हणजे कळ मोकळी असताना पिन वर राहील आणि दाबल्यावर खाली येईल. आधी खाली उतरणारी कड टिपायला सांगायचे. ती टिपली की लगेच चढणारी कड टिपायला सांगायचे. टीसीसीआर-१बी ह्या रजिस्टरमधला सहा क्रमांकाचा बिट ह्या निवडीसाठी आहे, त्याचे नाव आयसीईएस-१. कड बदलल्यावर ‘टिपले’ असे सांगणारा झेंडा खाली करावा लागतो, नाहीतर न झालेली घटनाही झालीशी वाटते. गंमत अशी की, हा झेंडा ० करायचा तर तेथे १ लिहावा लागतो! असे का, हे चिप करणाऱ्यांना विचारायला हवे असे पहिल्यांदा मलाही वाटले होते. पण नीट विचार केला तर त्यात सोय आहे : ज्या झेंड्यांच्या जागी तुम्ही ० लिहाल ते तसेच राहतात, त्यामुळे एक झेंडा उतरवताना शेजारचा चुकून उतरत नाही.

आणखी एक खोडी आधीच सांगून ठेवतो, कारण तिच्यापायी माझी एक अख्खी दुपार गेली. आर्डुइनोची तयार व्यवस्था बोर्ड चालू होतानाच टायमर-१ ला दिव्यांचा प्रकाश कमी-जास्त करण्याच्या कामाला जुंपते. तेव्हा टीसीसीआर-१ए हे रजिस्टर आपण स्वतः ० केले नाही, तर टायमर २५५ पर्यंत चढतो आणि परत उतरू लागतो. ६५,५३५ कधी येतच नाही. आणि हा टायमर आपण घेतला की ९ व १० ह्या पिनांवरचे प्रकाश मंद करण्याचे काम बंद पडते, हेही लक्षात असू द्या.

आता दोन टिपणांवरून वेळ काढू. समजा, कळ दाबली तेव्हा टायमरवर ६१,२०० होते आणि सोडली तेव्हा ४०,७३१. दुसरा आकडा लहान कसा? कारण मधे टायमरची एक फेरी संपली. रात्री ११ ला निजलेला माणूस ५ ला उठला तर आपण ५ मधून ११ वजा करून रडत बसत नाही, १२ मिळवतो. तसे येथे ६५,५३६ मिळवायचे. ४०,७३१ अधिक ६५,५३६ म्हणजे १,०६,२६७. त्यातून ६१,२०० वजा जाता उरले ४५,०६७. प्रत्येकी ४ मायक्रोसेकंद धरून १,८०,२६८ मायक्रोसेकंद, म्हणजे सुमारे १८०.३ मिलिसेकंद झाले.

किती फेऱ्या संपल्या ते मोजण्यासाठी टायमर भरून ओसंडला की प्रोग्रॅमला हाक मारण्याची सोय आहे. तिथेही एक खाचखळगा आहे. फेरी संपणे आणि कळ सुटणे एकाच वेळी घडले तर दोन्ही हाका एकदम येतात आणि चिप टिपण्याच्या हाकेला आधी ओ देते. त्या वेळी नुकतीच संपलेली फेरी अजून मोजलेली नसते. परिणाम असा की शेकडो बरोबर आकड्यांत कधीतरी एखादा आकडा नेमका २६२ मिलिसेकंदांनी चुकतो. उपाय सोपा आहे. टिपलेला आकडा घेताना ओसंडल्याचा झेंडाही पाहायचा. तो वर असेल आणि टिपलेला आकडा ३२,७६८ पेक्षा लहान असेल, तर एक फेरी जास्त धरायची. पण सोपा उपाय सुचण्याआधी ‘नेमका २६२ नेच का चुकतो?’ हा प्रश्न पडावा लागतो. वहीवाल्या मुलीसारखी सवय लागते ती इथे.

इतके करून कळ जोडली आणि दाबली, तर बहुधा पडद्यावर काही भलतेच येईल. अर्धा मिलिसेकंद, नाहीतर त्याहूनही कमी! तुम्ही तर चांगली दाबून धरली होती. मग?

कळीच्या आत धातूचे दोन तुकडे असतात. ते एकमेकांवर आपटतात तेव्हा फरशीवर पडलेल्या गोटीप्रमाणे थोडे उसळतात. जुळतात, सुटतात, पुन्हा जुळतात. बहुतेक कळींत हा खेळ काही मिलिसेकंदांत संपतो. डोळ्याला आणि बोटाला तो कळत नाही, पण ४ मायक्रोसेकंदांनी मोजणाऱ्या टायमरला तो सगळा दिसतो. तुमच्या यंत्राने पहिली उसळी मोजली, बोट नव्हे. नाडीची लांबी मोजणारी ‘पल्सइन’ ही तयार सूचना वापरणाऱ्यांनाही हेच भोवते. तिथे मात्र उसळ्या पाहायला मिळत नाहीत, नुसता चुकीचा आकडा मिळतो.

चिपमध्ये ‘नॉइज कॅन्सलर’ नावाचा एक बिट आहे, टीसीसीआर-१बी मधला सात क्रमांकाचा. नाव वाचून मुलांना वाटते, झाले, आता उसळ्या गेल्या. पण तो काय करतो ते पाहा : पिन चार वेळा सलग सारखी दिसली तरच तो बदल खरा मानतो, आणि ते चार वेळा म्हणजे मूळ घड्याळाचे चार ठोके, अर्थात पाव मायक्रोसेकंद. काही मिलिसेकंद चालणाऱ्या उसळीपुढे तो बिट काय करणार? नावावर जाऊ नये, आकड्यावर जावे.

खरा उपाय असा : पहिली कड टिपली की तो आकडा बाजूला लिहून ठेवा, आणि पुढचे २० मिलिसेकंद कशाकडेही लक्ष देऊ नका. मग झेंडा उतरवून सुटण्याच्या कडेची वाट पाहा. ती आली की तिचीही पहिली नोंद घ्या आणि पुन्हा २० मिलिसेकंद कान बंद. (बोटाने २० मिलिसेकंदांच्या आत कळ दाबून सोडणे फार कठीण, म्हणून ही मुदत चालते.)

त्या मुलाच्या प्रोग्रॅममध्येही २० मिलिसेकंदांचे थांबणे होतेच आणि तेही उसळ्यांसाठीच होते. पण तिथे थांबणे मोजमापाच्या पोटात शिरले होते, म्हणून आकडे वीसच्या पाढ्यात गेले. इथेही आपण तितकेच थांबतो, परंतु वेळ आधीच लिहून झालेली असते, त्यामुळे थांबण्याने तिला काही होत नाही. मला विचाराल तर सगळ्या प्रकरणातली शिकण्यासारखी जागा हीच आहे.

‘क्षण टिपणे’ ही युक्ती चिपवाल्यांची नव्हे, हेही सांगतो. ग्रिनिचच्या वेधशाळेत अठराव्या शतकात तारा दुर्बिणीतल्या तारेसमोरून केव्हा सरकतो ते डोळ्याने पाहायचे आणि घड्याळाचे सेकंद कानाने मोजायचे, अशी पद्धत होती. डोळा आणि कान यांचा मेळ मनात घालून सेकंदाचा दहावा भाग अंदाजाने लिहीत. १७९६ साली राजज्योतिषी नेव्हिल मॅस्केलाइन यांनी डेव्हिड किनेब्रूक ह्या आपल्या साहाय्यकाला नोकरीवरून काढले, कारण त्याच्या वेळा मॅस्केलाइन यांच्या वेळांपेक्षा सेकंदाच्या आठ-दशांशाने मागे पडत. पुढे कोनिग्झबर्गच्या बेसेल ह्या ज्योतिर्विदाने ह्या प्रकरणाचा विचार केला आणि निरनिराळ्या निष्णात निरीक्षकांच्या वेळा ताडून पाहिल्या. त्याला आढळले की, दोन कसलेल्या निरीक्षकांतही असा फरक पडतोच. किनेब्रूक आळशी नव्हता. मोजण्याच्या पद्धतीतच माणूस गुंतला होता.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वेधशाळांतून क्रोनोग्राफ आला. फिरत्या नळकांड्यावर कागद गुंडाळलेला असे, घड्याळ त्यावर दर सेकंदाला विजेच्या साहाय्याने खूण करी, आणि तारा तारेवर आला की निरीक्षक तारायंत्राच्या कळीसारखी कळ दाबी. त्याचीही खूण त्याच कागदावर उमटे. मग सवडीने पट्टीने अंतर मोजून वेळ काढायची. आयसीआर-१ हे रजिस्टर म्हणजे तोच कागद, फक्त नखाएवढ्या चिपमध्ये घातलेला. मात्र क्रोनोग्राफ आल्यावरही माणसामाणसांतला फरक पुरता गेला नाही. कमी झाला, कारण बोट दाबायला माणूसच होता.

यावरून आपल्या यंत्राकडे पाहा. १८०.३ मिलिसेकंद हा कशाचा आकडा आहे? बोट कळीला टेकल्यापासून निघेपर्यंतचा? नाही. बोट टेकल्यावर कळ थोडी खाली जाते तेव्हा आतले तुकडे जुळतात, आणि बोट पुरते निघण्याआधीच ते सुटतात. आपण मोजला तो दोन धातूंच्या जुळण्याचा काळ. बोटाची चपळाई हे त्याला आपण दिलेले नाव.

आणि शेवटचे अंकही तपासून घ्यावे लागतात. उनोच्या ह्या बोर्डावर चिपला ठोके देणारा भाग सिरॅमिक रेझोनेटर असतो. मनगटी घड्याळातल्या क्वार्ट्‌झच्या स्फटिकाइतका तो काटेकोर नसतो. त्यात शेकडा अर्ध्यापर्यंत फरक असू शकतो. १८० मिलिसेकंदांचा शेकडा अर्धा म्हणजे ०.९ मिलिसेकंद. म्हणजे यंत्र मायक्रोसेकंद दाखवते खरे, पण एक मिलिसेकंदाखालच्या अंकांवर विश्वास ठेवण्यापूर्वी आपला बोर्ड तपासायला हवा. बोर्डाला १,००० सेकंद मोजायला लावा आणि मोबाइलच्या घड्याळाशी ताडून पाहा. सुरुवात-शेवट पाहताना तुमची अर्धा सेकंद चूक झाली तरी हजारात ती अर्धीच. फरक ३ सेकंदांचा निघाला तर पुढच्या प्रत्येक आकड्याला त्याप्रमाणे दुरुस्त करा.

आता वाद. आमच्याच महाविद्यालयातल्या एका सहकाऱ्यांशी मी हे बोललो तेव्हा ते म्हणाले, “अहो, शाळेतल्या मुलांना रजिस्टरे कसली शिकवता? आधी गोडी लागू दे. तयार सूचनांनी यंत्र चालते आहे ना? पुढे इंजिनिअरिंगला गेली तर शिकतील.” त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. पहिल्याच दिवशी कोणी सहावीतल्या मुलापुढे आयसीईएस-१ मांडू लागला तर ते मूल पळून जाईल, आणि त्याने पळावेच. दारावरची घंटा, प्रश्नमंजूषेतला दिवा, झाडाला पाणी घालणारा पंप, ह्यांना वीस मिलिसेकंद मागेपुढे झाल्याने काहीएक बिघडत नाही. तिथे दर फेरीला कळ पाहणेच शहाणपणाचे.

पण ‘पुढे शिकतील’ हे मला पटत नाही. मी पुढे शिकवतो, म्हणून सांगतो. माझ्याकडे येणारी मुले आकडा पडद्यावर आला की तो खरा मानण्याची सवय पक्की करूनच येतात. मुक्तपणे पडणाऱ्या गोळीवरून गुरुत्वत्वरण काढायला दिले तर उत्तर ९.८१ च्या जवळ येईपर्यंत वेळा ‘जुळवून’ घेतात. एक मीटर पडायला गोळीला सुमारे ०.४५२ सेकंद लागतो. त्यात १० मिलिसेकंदांची चूक झाली तर गुरुत्वत्वरणात चार टक्क्यांहून अधिक चूक होते, कारण वेळेचा वर्ग घ्यावा लागतो. चूक कुठून आली याचा शोध घेणे हाच खरा प्रयोग, आणि त्याची सवय वयाच्या अठराव्या वर्षी लावणे जड जाते. वहीवाली मुलगी दहा वर्षांची होती.

आम्ही एम.एस्सी.ला असताना ८०५१ ही चिप होती. १९८० साली निघालेली ती चिप आम्ही वीस वर्षांनंतरही शिकत होतो, याबद्दल तेव्हा कुरकुर केलेली आठवते. तिच्या टायमरला ‘गेट’ नावाचा बिट होता : पिन वर असेल तेवढा वेळच मोजणी चाले. कळीने चालू-बंद होणारे थांबघड्याळच ते. तयार सूचना नव्हत्या, त्यामुळे प्रत्येक ठोका कुठे गेला ते आम्हांला माहीत असे. ते दिवस परत यावेत असे मी म्हणत नाही. त्यात वेळही फार जाई आणि निम्मी मुले कंटाळून सोडून देत. तयार सूचना असाव्यात. पण प्रयोगशाळेतल्या एका तरी यंत्राचे झाकण उघडलेले असावे, एवढेच.

आणि परीक्षकांनाही माझी विनंती आहे, मी धरून. मोजणारे यंत्र पुढे आले की गुण देण्यापूर्वी पाच मिनिटे बाजूला बसून वीस आकडे कागदावर लिहून घ्यावे. मग मुलाला विचारावे : सर्वांत लहान फरक किती दाखवतोस? घड्याळाशी ताडून पाहिलेस का? कळ उसळते तेव्हा काय करतोस? ‘पाहिले नाही’ असे प्रांजळपणे सांगणाऱ्यालाही गुण द्यावेत. सुबक खोके आणि पाठ केलेले भाषण यांना आपण जे गुण वाटतो त्यांतलेच काही इकडे वळवले तरी पुरे.

त्या मुलाचे पुढे काय झाले ते विचाराल. बक्षीस त्याच्याकडेच राहिले, माझी सही होती ना! मार्चमध्ये परीक्षा संपल्यावर तो दोन रविवार आमच्या प्रयोगशाळेत आला. पहिला रविवार टीसीसीआर-१ए शून्य करायला विसरण्यात गेला. दुसऱ्या रविवारी त्याने लाल कळीच्या उसळ्या पडद्यावर एकाखाली एक मांडल्या आणि तासभर नुसता कळच दाबत बसला. पाचवीतली ती मुलगी त्याच्याच गल्लीतली निघाली, तीही बरोबर आली होती. नवे यंत्र जोडून झाल्यावर तिने पुन्हा वही काढली आणि आता मायक्रोसेकंदांत उमटणारे लांबलचक आकडे लिहू लागली. पंधरा-वीस झाल्यावर पेन्सिल थांबली. प्रत्येक आकड्याच्या शेवटच्या दोन अंकांना ती चारने भागून पाहत होती.

“दादा,” ती म्हणाली, “आता सगळे चारच्या पाढ्यातले येतात.”

या वेळी तो घाबरला नाही. त्याने खडू घेतला आणि फळ्यावर १ कोटी ६० लाख लिहून त्याला ६४ ने भागायला सुरुवात केली.